गेम कन्सोलची जागा, अपडेटची सक्ती आणि ग्राहकाचा हक्क

मेलबर्न शहराच्या मध्यापासून उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेले क्रेगीबर्न हे ह्यूम नगरपालिकेच्या हद्दीतील झपाट्याने वाढलेले उपनगर. २००७ मध्ये विजेवर धावणारी उपनगरी रेल्वे येथवर पोहोचली. २०२१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्येने ६५ हजारांचा टप्पा ओलांडला होता. या वाढीत भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा असून त्यांत मराठी घरेही आहेत. अशा घरांतील दिवाणखान्यात टीव्हीखाली एखादा गेम कन्सोल हमखास दिसतो. डिसेंबरच्या अखेरीस शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली, की त्याच्या पडद्यावर दोन सूचना वारंवार झळकू लागतात. पहिली, साठवणीची जागा अपुरी आहे. दुसरी, अपडेट केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

या सूचना दिसताच घाईने घेतलेला निर्णय महागात पडू शकतो. मुलाने दोन वर्षे खेळून साठवलेली प्रगती एका चुकीच्या बटणाने पुसली जाते, दुकानातून आणलेली महागडी ड्राइव्ह त्या कन्सोलला चालतच नाही, किंवा सदोष गेमचे पैसे परत मिळणार नाहीत असा समज करून घेऊन हक्कावर पाणी सोडले जाते. या सूचनांमागील तांत्रिक कारणे समजून घेतली, तर हे तिन्ही प्रकार टाळता येतात.

खोक्यावरचा आकडा आणि हातात येणारी जागा

सोनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल ऑस्ट्रेलियात १२ नोव्हेंबर २०२० रोजी विक्रीस आला. त्याच्या मूळ आवृत्तीतील साठवण ८२५ जीबी असली, तरी गेमसाठी प्रत्यक्षात सुमारे ६६७ जीबी उपलब्ध होते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १ टीबीपैकी सुमारे ८०२ जीबी, तर स्वस्त असलेल्या सिरीज एसमध्ये ५१२ जीबीपैकी केवळ ३६४ जीबीच्या आसपास जागा वापरता येते. निन्टेंडोचा २०१७ चा स्विच तर अवघ्या ३२ जीबीचा होता आणि त्यातीलही काही भाग यंत्रणेनेच व्यापलेला असे.

हा फरक म्हणजे फसवणूक नव्हे. कन्सोल हाही एक संगणकच आहे. त्याची कार्यप्रणाली, तिच्या पुढील अपडेटसाठी लागणारी मोकळी जागा आणि चालू खेळाची स्थिती तात्पुरती जपण्याची सोय, या सर्वांसाठी काही भाग कायमचा राखून ठेवलेला असतो. घर विकत घेताना बांधकामाचे क्षेत्रफळ आणि चटईक्षेत्र यांत जो फरक असतो, तसाच हा प्रकार. खरेदीपूर्वी दुसरा आकडा विचारणे शहाणपणाचे.

गेम एवढे अवजड का झाले?

पहिल्या प्लेस्टेशनचे मेमरी कार्ड १२८ किलोबाइटचे होते आणि त्यात अनेक खेळांची प्रगती मावत असे. गेम स्वतः सीडीवर असल्याने यंत्रात जागा लागतच नव्हती. आज चित्र उलटे आहे. डिस्क विकत घेतली, तरी गेम आधी कन्सोलच्या अंतर्गत साठवणीत उतरवावा लागतो आणि तेथूनच चालतो. डिस्क उरते ती बहुतांशी मालकीचा पुरावा म्हणून.

आकार वाढण्याचे मुख्य कारण ४के टीव्हीसाठी तयार केलेली तपशीलवार चित्रे, अनेक भाषांतील संवाद आणि उच्च दर्जाचा ध्वनी. दुसरे कारण कमी परिचित आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला माहिती शोधण्यास वेळ लागतो. म्हणून गेम तयार करणारे तोच घटक डिस्कवर अनेक ठिकाणी लिहून ठेवत. प्लेस्टेशन ५ चे प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील जाहीर सादरीकरणात ही अडचण उलगडून सांगितली होती. स्पायडरमॅनच्या गेममधील काही घटक हार्ड डिस्कवर चारशेपर्यंत वेळा लिहिलेले होते, हे त्यांचे उदाहरण गाजले. एसएसडीमध्ये शोधण्याचा वेळ जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे या पुनरुक्तीची गरज उरत नाही. २०२५ च्या अखेरीस ‘हेलडायव्हर्स २’ या गेमच्या संगणकावरील आवृत्तीतून अशा प्रती काढून टाकल्यावर तिचा आकार सुमारे १५४ जीबीवरून २३ जीबीच्या आसपास आला. याचाच अर्थ, जागा खाणारा प्रत्येक जीबी हा दर्जाचा पुरावा असतोच असे नाही.

अपडेट दोन प्रकारचे

अपडेट या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक, कन्सोलच्या कार्यप्रणालीचे अपडेट. ते आकाराने तुलनेने लहान असते, सुरक्षेतील त्रुटी बुजवते आणि क्वचित नवी सोयही आणते. प्लेस्टेशन ५ मध्ये जादा एसएसडी बसवण्याची खाच पहिल्या दिवसापासून होती, पण ती वापरता येऊ लागली सप्टेंबर २०२१ मधील अपडेटनंतर. सुरुवातीला त्यात ४ टीबीपर्यंतचीच ड्राइव्ह चालत असे. ही मर्यादा २०२३ मध्ये दुसऱ्या अपडेटने ८ टीबीवर नेली.

अपडेट काही देते तसे काही काढूनही घेऊ शकते. १ एप्रिल २०१० रोजी प्लेस्टेशन ३ साठी आलेल्या ३.२१ क्रमांकाच्या अपडेटने त्या यंत्रावर लिनक्स चालवण्याची मूळची सोय बंद केली. अपडेट नाकारणाऱ्यांना ऑनलाइन खेळ बंद होण्याची किंमत मोजावी लागली. या निर्णयावरून अमेरिकेत सामूहिक दावा चालला आणि अखेर तडजोड झाली.

दुसरा प्रकार म्हणजे प्रत्येक गेमचे स्वतंत्र अपडेट. ते कित्येकदा दहा-वीस जीबींचेही असते. जागेची खरी ओढाताण होते ती येथेच. गेमची एखादी मोठी फाइल बदलायची असेल, तर काही यंत्रणा नवी फाइल जुनीच्या शेजारी पूर्ण तयार करतात, तपासतात आणि मगच जुनी पुसतात. मध्येच वीज गेली तरी गेम शाबूत राहावा, हा त्यामागील हेतू. विशेषतः प्लेस्टेशन ४ वर याचा अनुभव अनेकांना आला आहे. अपडेट २० जीबींचे असताना यंत्र १०० जीबी मोकळी जागा का मागते, याचे उत्तर हेच. म्हणून साठवण काठोकाठ भरू न देता, घरातील सर्वांत मोठ्या गेमएवढी जागा रिकामी ठेवणे हा साधा पण उपयोगी नियम ठरतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

डाउनलोडचे गणित

इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो आणि गेमचा आकार गिगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, हे विसरल्यामुळे अंदाज चुकतात. १०० जीबीचा गेम उतरवण्यास २५ मेगाबिटच्या जोडणीवर जवळजवळ नऊ तास, ५० मेगाबिटवर सुमारे साडेचार तास, १०० मेगाबिटवर सव्वादोन तास आणि ५०० मेगाबिटवर सत्तावीस मिनिटांच्या आसपास लागतात. ही झाली कागदावरची वेळ. संध्याकाळच्या गर्दीत ती वाढते.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्याचे, म्हणजे एनबीएनचे, काम २००९ मध्ये हाती घेण्यात आले. सुरुवातीस बहुतेक घरांपर्यंत थेट फायबर नेण्याचा संकल्प होता. २०१३ नंतर धोरण बदलले आणि जुन्या तांब्याच्या तारा व केबल टीव्हीचे जाळेही वापरात आणले गेले. त्यामुळे एकाच उपनगरात दोन रस्त्यांवरील घरांचा कमाल वेग निराळा असू शकतो. आपल्या घराला कोणती जोडणी आहे, हे एनबीएनच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून पाहता येते. गेमचे अपडेट संथ असल्याची तक्रार कन्सोलविरुद्ध करण्यापूर्वी हे तपासलेले बरे. आईवडील घरून काम करत असताना दिवसा मोठे डाउनलोड सुरू झाले, तर व्हिडिओ बैठकीचे जे होते ते वेगळे सांगायला नको. कन्सोल रेस्ट मोडमध्ये ठेवून रात्री अपडेट घेण्याची सोय त्यासाठीच आहे.

जागा वाढवताना

प्रत्येक कन्सोलची पथ्ये निराळी आहेत. प्लेस्टेशन ५ च्या अंतर्गत खाचेत एम.२ प्रकारची, पीसीआयई चौथ्या पिढीची एसएसडी लागते. तिच्यावर उष्णता शोषणारी धातूची पट्टी, म्हणजे हीटसिंक, असणे आवश्यक आहे. वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा अधिक असावा, अशी सोनीची शिफारस आहे. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या मेलबर्नमध्ये उष्णतेचा मुद्दा गौण नाही. बंद कपाटात कोंबलेला कन्सोल कोणत्याही ड्राइव्हला मानवत नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस यांना त्यांच्याच खाचेत बसणारे विशिष्ट विस्तार-कार्ड लागते.

यूएसबीने जोडलेली साधी बाह्य ड्राइव्ह दोन्हीकडे उपयोगी पडते, पण मर्यादेत. मागील पिढीचे गेम तिच्यावरून थेट खेळता येतात. नव्या पिढीचे गेम तिच्यावर फक्त ठेवता येतात. खेळण्यापूर्वी ते आत आणावे लागतात. तरीही पुन्हा डाउनलोड करण्यापेक्षा हे पुष्कळ जलद होते. हा घराचा माळा समजावा. सामान तेथे राहते, वापर मात्र खालीच होतो.

जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये २५६ जीबी जागा आहे आणि ती वाढवण्यास मायक्रोएसडी एक्सप्रेस हेच कार्ड चालते. जुन्या स्विचचे कार्ड त्याच खाचेत बसते, परंतु त्यावर गेम साठवता येत नाहीत. शिवाय स्विच २ चे काही गेम ‘गेम-की कार्ड’ स्वरूपात विकले जातात. त्या कार्डात पूर्ण गेम नसून तो उतरवण्याची किल्ली असते. वाढदिवसाची भेट म्हणून असे कार्ड देणाऱ्याने खोक्यावरील सूचना वाचून, लागणारी मोकळी जागाही पाहावी.

गेम पुसावा, प्रगती नव्हे

गेम पुन्हा मिळतो. मुलाने मिळवलेली प्रगती मिळत नाही. प्लेस्टेशन ५ किंवा स्विचवर गेम काढून टाकला, तरी त्याची प्रगती जतन राहते, कारण ती स्वतंत्र साठवलेली असते. धोका उद्भवतो तो ‘सेव्ह डेटा’ या वेगळ्या यादीत जाऊन पुसल्यास किंवा संपूर्ण यंत्र मूळ स्थितीत आणल्यास. प्लेस्टेशन ५ च्या गेमची प्रगती यूएसबीवर उतरवता येत नाही. तिची ऑनलाइन प्रत ठेवण्यास सशुल्क सदस्यत्व लागते. एक्सबॉक्सवर ही प्रत विनामूल्य आपोआप ठेवली जाते. स्विचवर प्रगती कार्डात नव्हे तर यंत्रातच असते. त्याच्या ऑनलाइन प्रतीसाठी सदस्यत्व लागते आणि काही गेम ती सोय देतच नाहीत.

अपडेट चालू असताना वीज जाऊ न देणे, मुख्य बटण बंद न करणे ही प्राथमिक काळजी. तरीही प्लेस्टेशन सुरू होईनासा झाला, तर ‘सेफ मोड’मधून माहितीसूचीची पुनर्बांधणी हा पर्याय आधी वापरावा. त्यात गेम वा प्रगती पुसली जात नाही. पूर्ण रीसेट हा शेवटचा उपाय.

उतरवलेल्या गेमवरही हक्क

सदोष गेम उतरवून घेतल्यावर पैसे परत मिळत नाहीत, हा समज ऑस्ट्रेलियात कायद्याला धरून नाही. येथील ग्राहक आयोगाने, म्हणजे एसीसीसीने, व्हॉल्व्ह या कंपनीविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यात संघीय न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ३० लाख डॉलरचा दंड केला. पुढे जून २०२० मध्ये सोनीच्या युरोपातील गेम-कंपनीला ३५ लाख डॉलरचा दंड झाला. गेम डाउनलोड झाला किंवा खरेदीस १४ दिवस उलटले, तर परतावा देण्यास आपण बांधील नाही, असे तिने ग्राहकांना सांगितले होते. ही माहिती दिशाभूल करणारी असल्याचे न्यायालयाने ठरवले. डिजिटल खरेदीलाही ग्राहक कायद्याची हमी लागू आहे, आणि उतरवल्याने ती संपत नाही, हे या निकालांचे सार.

या हक्काची मर्यादाही ध्यानात घ्यावी. गेम आवडला नाही किंवा घरातील यंत्रात मावला नाही, एवढ्यावरून परतावा मिळत नाही. दोष मोठा असावा लागतो. म्हणून पावती, पडद्यावरील त्रुटीचे छायाचित्र आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. कंपनीने दाद दिली नाही, तर व्हिक्टोरिया राज्याच्या ग्राहक विभागाकडे जाता येते.

सुटी लागण्याच्या आठवडाभर आधी यंत्राचे अपडेट उरकणे, न खेळले जाणारे गेम बाह्य ड्राइव्हवर हलवणे आणि प्रगतीची ऑनलाइन प्रत झाली आहे का ते पाहणे, या तीन कामांना एक संध्याकाळ पुरते. ती मुलांना सोबत घेऊन घालवली, तर कोणता गेम ठेवायचा आणि कोणता काढायचा हा निर्णयही त्यांच्याच हातून होतो आणि जानेवारीतील रुसवेफुगवे बऱ्याच अंशी टळतात.