मुलांचें दूरदर्शन : माग आणि रस्ता

सोलापूर शहरांतील मूल शाळेचें तोंड पाहण्यापूर्वींच दोन-तीन भाषा कानांवर घेऊन मोठें होत असतें. विणकरांच्या वस्तींत तेलुगु, शेजारच्या आळींत कानडी, बाजारांत मराठी आणि मोहल्ल्यांत उर्दू. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेंत तर ह्या चारी भाषा एकाच पाळण्याभोंवतीं ऐकूं येतात. अशा मुलासमोर घरांतील दूरदर्शनचा संच लावला, तर त्यानें काय पाहावें, कोणत्या भाषेंत पाहावें आणि तें कोणीं तयार करावें, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. व्यापारी वाहिन्यांस त्याचें उत्तर सोपें असतें. जें पाहिलें जातें आणि ज्यावर जाहिरात मिळते, तें त्यांनीं दाखवावें. सार्वजनिक वाहिनीस तेवढ्यावर थांबतां येत नाहीं. ती लोकांच्या पैशावर चालते. म्हणून ज्याच्या हातीं पैसा नाहीं आणि ज्याची आवडनिवड कोणी विचारीत नाहीं, अशा मुलाचेंहि ती देणें लागते.

हें देणें फेडावयाचें, तर तीन गोष्टी जमून याव्या लागतात. सोलापूरच्या माणसास त्या चादरीच्या दृष्टान्तानें सहज पटतील. चादर विणण्यास माग हवा, ती गिऱ्हाइकापर्यंत नेण्यास रस्ता हवा, आणि गिऱ्हाईक ज्या दिवशीं बाजारास येतें त्या दिवशीं दुकान उघडें हवें. मुलांच्या कार्यक्रमांचेंहि तसेंच आहे. कार्यक्रम रचणारी कार्यशाळा हा माग, प्रक्षेपणाची सोय हा रस्ता, आणि मुलास ठाऊक असलेली रोजची ठराविक वेळ हा बाजाराचा दिवस. महाराष्ट्रांतील मुलांच्या दूरदर्शनचा इतिहास पाहिला, तर ह्या तिन्ही गोष्टी येथें घडल्या खऱ्या, परंतु एकाच वेळीं त्या क्वचितच एकत्र आल्या, असें दिसून येतें.

भारतांत दूरदर्शनचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला. आकाशवाणीच्या छत्राखालीं चाललेला तो एक लहानसा प्रयोग होता. आठवड्यांतून दोन वेळां, आणि तेंहि थोडाच वेळ, कार्यक्रम होत असत. ह्या पहिल्या काळांत तेथें निर्माता म्हणून काम करणाऱ्यांत पु. ल. देशपांडे होते, ही मराठी माणसास अभिमानाची गोष्ट होय. त्याच वर्षीं जानेवारींत जपानच्या 'एन्. एच्. के.' ह्या सार्वजनिक संस्थेनें शिक्षणासाठीं एक संपूर्ण स्वतंत्र वाहिनी उघडली होती. मुलें आणि संस्कृति ह्यांना वाहिलेली ती वाहिनी आजहि चालू आहे. भारताच्या तिजोरीस तेव्हां तेवढा भार पेलण्यासारखा नव्हता. तरीहि दिल्लींत १९६१ सालीं शाळांसाठीं धडे दाखविण्यास प्रारंभ झाला. ज्या शाळेंत प्रयोगशाळा नाहीं, तेथील मुलांस निदान पडद्यावर प्रयोग पाहावयास मिळावा, हा त्यामागील एक प्रमुख हेतु होता.

महाराष्ट्रांत मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि पुढल्याच वर्षीं सिंहगडावरील प्रक्षेपकामुळें तेथील कार्यक्रम पुण्यास दिसूं लागले. मुलांकरितां 'किलबिल', साहित्याच्या रसिकांकरितां 'प्रतिभा आणि प्रतिमा', हलक्याफुलक्या करमणुकीकरितां 'गजरा' असे कार्यक्रम मराठी घरांत रुळले. मुलांचा आणि संस्कृतीचा संसार एकाच चुलीवर मांडलेला होता, आणि त्यांत गैर असें कांहींच नव्हतें. आज 'किलबिल' पाहणारें मूल उद्यां नाटक पाहणार असतें.

परंतु हें सारें मुंबई-पुण्यापुरतें होतें. ह्याचें कारण दूरदर्शनच्या लहरींच्या स्वभावांत आहे. आकाशवाणीच्या मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात. दूरदर्शनच्या लहरी मात्र जवळजवळ प्रकाशाप्रमाणें सरळ रेषेंत जातात. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें मनोऱ्यापासून कांहीं अंतरावर त्या गांवांच्या डोक्यांवरून निघून जातात. मनोरा उंच डोंगरावर असला तरी त्याची मजल सहसा शे-सव्वाशे किलोमीटरांच्या फार पुढें जात नाहीं, आणि सोलापूर तर पुण्याहून सुमारें अडीचशें किलोमीटरांवर आहे. माग मुंबईस चालू झाला होता. सोलापुरास रस्ता नव्हता.

रस्ता पहिल्यानें दिसला तो आकाशांतून, आणि तोहि जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या वर्षांत अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साह्यानें भारतांतील सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोंचविण्याचा प्रयोग झाला. 'साइट' ह्या नांवानें तो ओळखला जातो. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता; पण कर्नाटकांतील विजापूर आणि गुलबर्गा हे सोलापूरचे सख्खे शेजारी जिल्हे होते. सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबर फिरत असल्यामुळें एकाच जागीं स्थिर असल्यासारखा राहतो. त्याला डोंगर आड येत नाहींत, कीं पृथ्वीची वाटोळाईहि नडत नाहीं. खुराड्यास लावतात तशा जाळीची, दहा फूट व्यासाची ताटली खेड्यांत बसवून त्याचे संदेश पकडले जात. सकाळचा वेळ शाळेंतील मुलांसाठीं आणि संध्याकाळचा गांवकऱ्यांसाठीं, अशी वाटणी होती. मोठीं शहरें वगळून दूरदर्शन आधीं खेड्यांत गेलें, हें ह्या प्रयोगाचें वैशिष्ट्य होय.

प्रयोग संपला, त्यापासून मिळालेला धडा मात्र राहिला. रस्ता उपग्रहानें मिळाला तरी मुलांच्या भाषेंत कार्यक्रम करणारा माग प्रत्येक प्रांतांत असावाच लागतो, हें तेव्हां ध्यानांत आलें. म्हणून भारताचे स्वतःचे 'इन्सॅट' उपग्रह आल्यावर महाराष्ट्रासह सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या संस्था काढण्यांत आल्या. पुण्याची संस्था १९८४ सालीं स्थापन झाली. 'बालचित्रवाणी' हें तिचें नांव एका पिढीच्या ओठांवर बसलें.

बालचित्रवाणीचें काम वाटतें तितकें सोपें नव्हतें. पांच ते आठ वर्षांच्या मुलांसाठीं एक आणि नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठीं दुसरा, असे ह्या योजनेंत कार्यक्रमांचे दोन वर्ग होते. कारण सहा वर्षांच्या मुलास जी गंमत वाटते तीच दहा वर्षांच्या मुलास पोरकट वाटते. लहान मुलाचें लक्ष एका ठिकाणीं फार वेळ ठरत नाहीं; म्हणून एका कार्यक्रमांत एकच कल्पना मांडावयाची, आणि ती गाण्यानें, बाहुलीनें, गोष्टीनें किंवा प्रत्यक्ष वस्तु दाखवून पक्की करावयाची. शिक्षकास विषय कळतो पण कॅमेरा कळत नाहीं. कॅमेरावाल्यास चित्र कळतें पण मूल कळत नाहीं. ह्या दोघांस वर्षानुवर्षें एका छपराखालीं बसविलें, म्हणजेच असा माग तयार होतो. पैसे टाकून तो एका रात्रींत उभा करतां येत नाहीं.

ह्याच सुमारास, म्हणजे १९८४ च्या आसपास, देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक झपाट्यानें उभारले गेले, आणि लहानमोठ्या शहरांच्या घराघरांवर अँटेनांच्या काठ्या दिसूं लागल्या. माग पुण्यांत, रस्ता जिल्ह्याजिल्ह्यांत आणि शाळेच्या वेळांशीं जुळणारी सकाळची घटका, अशा तिन्ही गोष्टी जुळून आल्या त्या ह्या काळांत. उणिवा अर्थात् होत्याच. शाळेंत संच असला तरी वीज असेलच असें नव्हतें. पडद्यावरचा शिक्षक मुलाचा प्रश्न ऐकूं शकत नाहीं, आणि निसटलेलें वाक्य पुन्हां म्हणत नाहीं. म्हणून वर्गांतील गुरुजींनीं कार्यक्रमाआधीं दोन शब्द सांगावेत आणि नंतर मुलांस बोलतें करावें, अशी अपेक्षा असे. जेथें हें झालें तेथें कार्यक्रमाचा उपयोग झाला. जेथें संच लावून गुरुजी दुसऱ्या कामास गेले, तेथें ती निवळ करमणूक ठरली.

पुढें रस्ता रुंदावत गेला. १५ ऑगस्ट १९९४ रोजीं दूरदर्शनची स्वतंत्र मराठी वाहिनी सुरू झाली. तिलाच पुढें 'सह्याद्री' हें नांव मिळालें. १९९७ सालीं दूरदर्शन व आकाशवाणी ह्या दोन्ही संस्था प्रसारभारती ह्या महामंडळाकडे आल्या. डिसेंबर २००४ पासून दूरदर्शनच्या वाहिन्या लहान ताटलीवर, महिन्याची वर्गणी न देतां, घरोघर पाहण्याची सोय झाली. माढ्याच्या किंवा सांगोल्याच्या वाडीवरील घरास आतां सिंहगडाच्या उंचीची पर्वा करण्याचें कारण उरलें नाहीं. तथापि ही वाहिनी सर्वांची होती. बातम्या, शेती, नाटक, भक्तिगीतें ह्या सर्वांस तिच्यांत जागा हवी होती, आणि मुलांच्या वांट्यास त्यांतील एक कोपरा येई. अशांत २०१७ सालीं बालचित्रवाणी बंद करण्यांत आली, आणि पाठ्यपुस्तक मंडळाच्या 'ई-बालभारती'नें शैक्षणिक चित्रफितींचें नवें काम हातीं घेतलें. रस्ता सर्वांत रुंद झाला असतांना जुना माग थांबला.

त्याचा अर्थ मार्च २०२० मध्यें कळून आला. महामारीमुळें शाळा बंद झाल्या आणि त्या पुढें दीर्घकाळ बंदच राहिल्या. शिक्षण मोबाइलवर चालावें असें ठरलें. पण ज्या घरांत एकच मोबाइल आहे, तेथें तो बापाबरोबर कामावर जातो. आई विड्या वळते, बाप यंत्रमागावर जातो, अशा सोलापूरच्या घरांत दिवसां मुलाजवळ उरतो तो दूरदर्शनचा संच. तेव्हां त्या जुन्या साधनाची पुन्हां आठवण झाली. 'एम्. के. सी. एल्. नॉलेज फाउंडेशन' ह्या संस्थेनें तयार केलेली 'टिलीमिली' ही मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. पहिली ते आठवी ह्या आठ इयत्तांस प्रत्येकीं साठ, म्हणजे एकूण ४८० भाग, सोमवार ते शनिवार असे दहा आठवडे दाखविण्यांत आले. प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली होती, आणि घरांतील व परसांतील वस्तूंनीं करावयाच्या कृतींवर भर होता. शाळा बंद असतांहि मुलाच्या दिवसास एक खुंटी मिळाली. मात्र हें काम संकटाच्या घाईंत करावें लागलें. तीनच वर्षांपूर्वीं ज्या राज्यांत मुलांच्या कार्यक्रमांची खास कार्यशाळा होती, त्या राज्यांत तें नव्यानें जुळवावें लागलें.

त्याच वर्षीं सोलापूर जिल्ह्यानें ह्या प्रश्नाची दुसरी बाजूहि जगास दाखविली. माढा तालुक्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस ३ डिसेंबर २०२० रोजीं दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. त्यांच्या गौरवांत दोन गोष्टींचा उल्लेख होता. मुलांची मातृभाषा कानडी आहे हें पाहून त्यांनीं पाठ्यपुस्तकें त्या भाषेंत आणलीं. आणि पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापून कविता, गोष्टी व चित्रित पाठ त्यांस जोडले. कोड मोबाइलनें टिपला कीं कार्यक्रम सुरू होतो, आणि पाहिजे तितक्या वेळां पुन्हां पाहतां येतो. निसटलेलें वाक्य परत न मिळण्याचा दूरदर्शनचा जुना दोष ह्यानें दूर झाला. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं समोरच्या मुलाची भाषा कोणती हें त्या शिक्षकास ठाऊक होतें. मुंबई-पुण्याच्या कार्यशाळेस एवढें जवळून पाहणें शक्य नसतें. जें सर्वांस समान आहे तें वाहिनीनें करावें, आणि जें त्या वाडीपुरतें आहे तें तेथील शिक्षकानें. दोघांनीं एकमेकांचें काम ओळखिलें, तर कोणाचेंच वायां जात नाहीं.

आतां रस्त्याची अडचण जवळजवळ संपली आहे. केंद्र सरकारनें २०२० सालीं 'पीएम ई-विद्या' योजनेखालीं इयत्तावार बारा शैक्षणिक वाहिन्यांची घोषणा केली, आणि २०२२ च्या अंदाजपत्रकांत ही संख्या दोनशेंपर्यंत नेण्याचें जाहीर केलें. एकेकाळीं मुलांसाठीं अर्धा तास मिळविणें कठीण होतें. आतां दिवसाचे चोवीस तास भरावयाचे कसे, हा प्रश्न आहे. फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाचें चित्र घेऊन ते भरतां येतील. पण मूल तें पाहत बसणार नाहीं.

मूल पाहत बसतें तें आपलें ओळखीचें जग पडद्यावर आलें म्हणजे. सोलापुरांत जन्मलेले शाहीर राम जोशी, बार्शीचे अमर शेख, येथील, वैद्य म्हणून चीनमध्यें गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १२ जानेवारी १९३१ रोजीं फांशी गेलेले चार हुतात्मे, पंढरीची वारी, सिद्धेश्वराचे नंदीध्वज आणि मागावर पडणारी चादरीची नक्षी, ह्यांतील प्रत्येक विषय दहा वर्षांच्या मुलास कळेल अशा रीतीनें मराठींत, कानडींत आणि तेलुगूंत मांडतां येण्याजोगा आहे. तेवढ्यासाठीं नवा उपग्रह लागत नाहीं. मूल जाणणारा शिक्षक, चित्र जाणणारा कारागीर, आणि त्या दोघांस दहा-वीस वर्षें निश्चिंतपणें काम करूं देणारी संस्था लागते. सूत, रंग आणि बाजार हाताशीं असतां माग बंद पडला म्हणजे काय होतें, हें गिरण्या बंद पडलेल्या सोलापुरास कोणी सांगावयास नको.