उष्णता-पंपाच्या बाह्य पंख्यातील दोषाचे निदान

उष्णता स्वभावतः उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहते. यांत्रिक शक्ती खर्चून तिचे वहन उलट दिशेने घडविता येईल व त्यायोगे इमारती उबदार ठेवता येतील, ही कल्पना विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये मांडली. आज उत्तर अमेरिकेतील अनेक घरे याच तत्त्वावरील उष्णता-पंपाने हिवाळ्यात उबदार व उन्हाळ्यात थंड ठेवली जातात. घराबाहेरील संचाचा पंखा नळ्यांच्या वेटोळ्यावरून हवा खेचतो; हिवाळ्यात त्या हवेतून उष्णता घेतली जाते, उन्हाळ्यात तिच्यात सोडली जाते. पंखा बंद पडल्यास उन्हाळ्यात प्रशीतकाचा दाब बेसुमार वाढतो, तर हिवाळ्यात वेटोळ्यावर हिम साचून द्रवरूप प्रशीतक संपीडकात, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये, शिरण्याचा धोका असतो. संपीडक हा संचातील अत्यंत महागडा भाग असल्याने पंख्याच्या दोषाचे निदान त्वरित व अचूक होणे अगत्याचे ठरते.

पंखा थांबलेला दिसताच मोटर जळाली असे समजण्याकडे सामान्यतः कल असतो. परंतु पंखा न फिरणे हे लक्षण होय, कारण नव्हे. इतर कारणे क्रमाने वगळल्यावरच मोटरवर ठपका ठेवणे योग्य ठरते.

पहिला प्रश्न असा की, पंखा या क्षणी फिरावयास हवा आहे काय? हिवाळ्यात वेटोळ्यावरील हिम वितळविण्यासाठी नियंत्रक प्रशीतकाची दिशा उलटवितो आणि पंखा हेतुतः थांबवितो. संपीडक चालू, पंखा स्थिर व वेटोळ्यातून वाफ निघत आहे, असे दृश्य काही मिनिटे दिसल्यास त्यात दोष नाही. हिमनिवारण संपूनही पंखा सुरू न झाल्यास मात्र पुढील तपासणी हाती घ्यावी.

त्यापूर्वी सुरक्षिततेचा विचार करावयास हवा. अनेक अमेरिकी संचांत कॉन्टॅक्टर २४० व्होल्ट पुरवठ्याच्या दोन तारांपैकी एकच तोडतो. यंत्र थांबलेले असतानाही दुसरी तार जिवंत असते. म्हणून संचाजवळील मुख्य खटका बंद करून पुरवठा तुटल्याची खात्री मापकाने करून घ्यावी. धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, त्यानंतरही विद्युत् भार शिल्लक असू शकतो. तो २०,००० ओहमच्या रोधातून सोडल्यास ४५ मायक्रोफॅरडच्या धारित्राचा कालांक ०·९ सेकंद येतो. सुमारे ५ सेकंदांत भार जवळजवळ नाहीसा होतो.

आता पाते हाताने फिरवून पाहावे. ते अडखळत असेल, तर बेअरिंग झिजले आहे किंवा काही अडथळा आहे. ते मोकळे फिरत असूनही वीज देताच मोटर नुसतीच गुणगुणत असेल, तर धारित्राचा संशय घ्यावा. एककला मोटरच्या मुख्य गुंडाळीचे स्पंदमान क्षेत्र परस्परविरुद्ध फिरणाऱ्या दोन समान क्षेत्रांच्या बेरजेएवढे असते. म्हणून स्थिर रोटरवर निव्वळ परिपीडन शून्य असते. साहाय्यक गुंडाळीतील प्रवाहाला कलांतर देऊन धारित्र हा समतोल मोडते. पंख्याच्या धारित्राचे मूल्य बहुधा ५ ते १० मायक्रोफॅरड असते. मोजलेले मूल्य त्यावर छापलेल्या मर्यादेबाहेर असल्यास ते बदलावे. चालू संचात काडीने पाते ढकलून पाहण्याची प्रथा धोक्याची असून, मापक हाती असताना अनावश्यकही आहे.

धारित्र निर्दोष असल्यास, पंखा चालणे अपेक्षित असताना मोटरपर्यंत विद्युत् दाब पोहोचतो की नाही हे जाणकाराने मोजावे. तो पोहोचत नसेल, तर दोष रिले, नियंत्रक फलक वा जोडणी यांत आहे. मोटर बदलून काहीच साधणार नाही. दाब असूनही मोटर निश्चल असेल, तर वीज बंद करून गुंडाळ्यांचा रोध मोजावा. सामाईक टोकापासून मुख्य गुंडाळीचा रोध समजा २० ओहम व साहाय्यक गुंडाळीचा ४० ओहम असेल, तर उरलेल्या दोन टोकांत ६० ओहम मिळावयास हवेत. एखादे माप अनंत आल्यास गुंडाळी तुटलेली असते, आणि धातूच्या कवचाशी वहन आढळल्यास विद्युत् निरोधन भंगलेले असते. तथापि तापलेल्या मोटरमधील उष्णता-रक्षक मंडल आपोआप तोडतो. म्हणून ती पूर्ण निवल्यावरच माप ग्राह्य मानावे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या मोटरांना हा रोधनियम लागू पडत नाही. तेथे तीनशेहून अधिक व्होल्टचा एकदिश दाब असू शकतो. निर्मात्याची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

नवी मोटर निवडताना दाब, शक्ती, फिरण्याची दिशा व गती ही सर्व जुळली पाहिजेत. पंख्याला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मिनिटास ८२५ फेऱ्यांच्या जागी १०७५ फेऱ्यांची मोटर बसविल्यास त्याच पात्यासाठी सुमारे २·२ पट शक्ती लागेल व मोटर लवकरच तापून थांबेल.

आपल्याकडील अनेक स्थिरवेगी स्प्लिट वातानुकूलन यंत्रांच्या बाह्य संचातही धारित्रयुक्त मोटरच असते. पुरवठ्याचे आकडे बदलले, तरी निदानाचा हा क्रम तेथेही तसाच उपयोगी पडतो. सोप्या व स्वस्त कारणांची परीक्षा आधी आणि मोटरची शेवटी केल्यास चांगली मोटर व्यर्थ टाकली जात नाही, आणि खरा दोष मागे राहून संपीडकही गमवावा लागत नाही.