बत्तीस शिराळा

महाराष्ट्र राज्यातील सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्याचे मुख्य ठिकाण व नागपंचमीच्या उत्सवामुळे ख्यातनाम झालेले गाव. ते मोरणा नदीकाठी वसले असून, भोवतालच्या बत्तीस खेड्यांचे प्रमुख म्हणून त्यास हे नाव पडले, असे सांगतात. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा ते त्यात गेले. १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले.

समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. गावातील भुईकोट किल्ला भग्नावस्थेत असून, १६८९ मध्ये संगमेश्वरी कैद झालेल्या छत्रपती संभाजी महाराजांना सोडविण्याचा प्रयत्न याच ठिकाणी झाला, अशी स्थानिक परंपरा आहे.

गावाची खरी ओळख मात्र गोरक्षनाथांच्या कथेशी निगडित आहे. श्रावण शुद्ध पंचमीस ते महाजनांच्या दारी भिक्षेस आले असता गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती. त्यामुळे भिक्षा घालण्यास तिला विलंब झाला. कारण कळल्यावर, ‘जिवंत नागाची पूजा करशील काय?’ असे नाथांनी विचारले. तिने होकार देताच मातीचा नाग सजीव झाला. महाजनांच्या घरास उत्सवात आजही मान आहे.

या कथेच्या आधारे येथे पिढ्यान्‌पिढ्या जिवंत नाग पूजिले जात. पंचमीपूर्वी काही दिवस गावकरी शेताबांधांवरून नाग पकडून मडक्यांत ठेवीत. सणाच्या दिवशी स्त्रिया त्यांस ओवाळीत. नंतर अंबामातेच्या मंदिराकडे मिरवणूक निघे आणि पुढे नाग जेथून आणले तेथेच सोडले जात. नाग पकडण्यातील येथील लोकांचे कौशल्य वादातीत होते. तथापि पुढे नागाची लांबी व फण्याची उंची यांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि पूजेस खेळाचे रूप आले. समोर हलविलेल्या मडक्याच्या रोखाने नाग फणा वळवितो, ते भक्तिभावाने किंवा वाद्यांच्या तालावर नव्हे, तर स्वसंरक्षणार्थ होय. दूध हेही त्याचे अन्न नव्हे. उलट शेतातील उंदीर खाणारा हा प्राणी शेतकऱ्यास उपकारक आहे.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये नाग पकडण्यास मनाई आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तो पहिल्या अनुसूचीत आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांची पूजा व मिरवणूक बंद झाली आणि प्रतिमापूजन रूढ झाले. म्हणजे नाथांच्या आगमनापूर्वी ती गृहिणी जी पूजा करीत होती, तीच आता गावाच्या वाट्यास आली. अनेक ग्रामस्थांना हा परंपरेवरील आघात वाटतो व सवलतीची मागणी सातत्याने होत असते. २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पारंपरिक ज्ञानाच्या प्रसारासाठी २१ व्यक्तींना ठराविक दिवसांपुरते नाग पकडण्याची अनुमती दिली. पूजा, स्पर्धा व करमणूक यांस ती लागू नव्हती.