कांद्याची मान

जुलैअखेर निफाडकडच्या मामांच्या कांदाचाळीत शिरलं की आधी नाक कामाला लागतं. माल चांगला असेल तर वाळल्या पातीचा हलका, कोरडा वास येतो. एक जरी सडला असेल तर तो दारातच कळतो. मामी वासाच्या रोखाने जाते, जाळीतून हात घालते, बोटांना ओल लागली की तेवढाच भाग उपसायला लावते. वरून ढीग कसा टणक, तांबूस. हातभर आत एक कांदा पाणी होऊन बसलेला आणि शेजारचे चार त्याच्याच वाटेवर.

चाळीचं कौतुक फार होतं. पण ती असते काय? दीड-दोन फूट उंचावलेला तळ, बाजूंना बांबू किंवा जाळी, वर कौलं नाहीतर पत्रे, आत चार-पाच फुटांचा ढीग. खालून हवा शिरावी, वरून ऊब निघून जावी, बस्स. मामांच्या मते कांदा किती टिकणार हे एप्रिलमध्ये वावरातच ठरून गेलेलं असतं. मला ते पटलंय.

ठरतं ते मानेवर. गड्डा भरला की मान ढिली पडते आणि पात आपोआप कलंडते. निम्म्या माना पडल्या की काढणी. त्याआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडायचं. गड्डा मोठा व्हावा म्हणून कुणी उशिरा युरिया दिला तर वजन भरतं, पण मान जाड राहते, वाळत नाही, आणि सड तिथूनच खाली उतरते.

काढलेला कांदा वावरात दोन-तीन दिवस अशा ओळींनी मांडतात, की पुढच्या ओळीची पात मागच्या गड्ड्यांवर यावी. ऊन पातीला लागावं, कांद्याला नको. मग बायका विळ्याने पात कापतात, इंच-दीड इंच मान राखून. मी एकदा हौसेने कापायला बसलो आणि सगळे कांदे गोटीसारखे गुळगुळीत करून ठेवले. मामीने ते वेगळ्या पाटीत टाकले. “हे आठ दिवसांत खाऊन संपवायचे. तोंड उघडं ठेवलंस ना त्यांचं!” त्यानंतर कांदा दहा-बारा दिवस सावलीत. मान चिमटीत धरली तर कागदासारखी वाजली पाहिजे. जोडकांदे, फुलाचा दांडा आलेले डेंगळे, विळा लागलेले, असले चाळीत जातच नाहीत.

एवढं करूनही चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के माल घटतो, कारण कांदा जिवंत असतो. मुळात हे दोन वर्षांचं झाड. पहिल्या वर्षी गड्ड्यात शिदोरी बांधायची, दुसऱ्या वर्षी तीच खाऊन फुलायचं. चाळीत तो झोपलेला असतो. पण झोपेतही श्वास चालू, पाणी उडत राहतं, त्यामुळे न सडताही वजन उतरतं. खरिपाच्या लाल कांद्याची झोप अगदी सावध, महिना-दोन महिन्यांतच कोंब काढतो. उन्हाळ कांदा गाढ झोपतो. गंमत अशी की तो शून्य-दोन अंशांतही झोपतो आणि पंचवीस-तीस अंशांतही. जागा होतो तो मधल्या, आपल्याला सुखाच्या वाटणाऱ्या थंडाव्यात. लासलगावला 2002 पासून गॅमा किरणांचं केंद्र आहे, तिथे कांद्याचा कोंबच निजवून टाकतात. बहुतेक शेतकऱ्यांचा भरवसा मात्र अजून चाळीवर. आणि ज्या बियातून हे सगळं येतं, ते साध्या डब्यात जेमतेम वर्षभर जगतं. मागच्या सालचं बी मामा फुकटसुद्धा घेत नाहीत.

परवा मामा भाव वाढायची वाट बघत होते. आणखी पंधरा दिवस थांबावं, अशी त्यांची गणितं चालली होती. मामीने ढिगाच्या पोटातून एक कांदा काढला. सालं चकचकीत, मान कोरडी, बोटाने दाबला तर दगड. तिने तो आडवा नाही, उभा चिरला. पांढऱ्या पापुद्र्यांच्या मधोमध पोपटी कोंब निघाला होता, अर्ध्याच्या वर चढलेला. तिने दोन्ही फाका मामांच्या पुढ्यात ठेवल्या.

मामांनी त्या उचलून पाहिल्या, पुन्हा खाली ठेवल्या आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.