टाळेबंदीत अंमली पदार्थांचं काय झालं?

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी सुरू झाली. ज्यांच्या घरात कुणाला गर्दचं किंवा दारूचं व्यसन होतं, अशा अनेकांना तेव्हा एक आशा वाटली होती. रस्ते बंद, टपऱ्या बंद, पोलीस चौकाचौकात. आता माल मिळणार कुठून? आणि मिळालाच नाही, तर सुटेल की आपोआप! ही आशा कितपत खरी ठरली, एवढंच आज आपण बघणार आहोत.

आधी मालाचं बघू. अंमली पदार्थांचा धंदा हा शेवटी व्यापारच. अफगाणिस्तानातलं हेरॉइन (आपल्याकडे गर्द म्हणतात ते याचंच अशुद्ध रूप) बरंचसं खुष्कीच्या मार्गानं बाहेर पडायचं. सरहद्दींवर तपासणी वाढली तशी त्याची वाट अडली. पण मालवाहू जहाजं काही थांबली नव्हती. धान्य, औषधं, तेल यायलाच हवं होतं ना! समुद्रमार्ग किती मोठा असू शकतो, ते सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरावर दिसलं. टाल्कच्या नावाखाली आलेल्या कंटेनरांमध्ये जवळजवळ तीन हजार किलो हेरॉइन सापडलं. टाळेबंदीत माणसं घरात बसली, माल मात्र फिरत राहिला.

दुसरी गोष्ट. वाहतूक जोखमीची झाली, की व्यापारी कमी जागेत मावणारा आणि जास्त जोरकस माल निवडतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा बिअर मागे पडली आणि कडक दारू पुढे आली. बिअरची पिंपं लपवायची कुठे? आताच्या काळातली अशी वस्तू म्हणजे फेंटानिल. ते प्रयोगशाळेत बनतं, शेत लागत नाही, आणि हेरॉइनच्या सुमारे पन्नास पट जोरकस असतं.

आता आकडे बघा. अमेरिकेत अंमली पदार्थांच्या अतिमात्रेनं २०१९ मध्ये सुमारे ७०,६०० माणसं गेली. २०२० मध्ये सुमारे ९१,८००. २०२१ मध्ये एक लाख सहा हजारांच्या वर. याला एकटा कोरोना कारण नाही, हे लक्षात घ्या. फेंटानिल आधीपासून पसरत होतं, मृत्यूही आधीच वाढायला लागले होते. पण महामारीनं त्या आगीत तेल ओतलं.

कसं? दोन कारणं सांगतो. एक, काही दिवस माल मिळाला नाही की शरीराची सहनशक्ती उतरते. मग माणूस पुन्हा पूर्वीएवढीच मात्रा घेतो, आणि ती त्याला झेपत नाही. श्वास मंदावतो, थांबतो. दुसरं कारण एकटेपण. अशा वेळी नॅलोक्सोन नावाचं औषध श्वास परत आणू शकतं. पण ते द्यायला जवळ कुणीतरी हवं ना! दार लावून एकटा बसलेल्या माणसाला ते कोण देणार?

दारूचंही तसंच. एप्रिल २०२१ मध्ये, निर्बंधांमुळे दारूची दुकानं बंद असताना, आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात वणीला सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. दुकान बंद झालं, पण शरीराची मागणी बंद झाली नाही.

मग काहीच चांगलं झालं नाही का? झालं. अमेरिकेत मेथाडोनच्या उपचारासाठी बहुतेक रुग्णांना जवळपास रोज केंद्रात जाऊन, सगळ्यांसमोर डोस घ्यावा लागायचा. मार्च २०२० मध्ये स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचं आणि इतरांना १४ दिवसांपर्यंतचं औषध घरी न्यायची मुभा मिळाली. भीती होती, की लोक ते विकतील, एकदम घेतील. पण अतिमात्रेच्या एकूण मृत्यूंमध्ये मेथाडोनचा वाटा वाढला नाही, उलट घटला. २०२४ मध्ये ही सवलत कायमची झाली. आपल्याकडे पंजाबातही तेच केलं. बुप्रेनॉर्फिनच्या गोळ्या घेण्यासाठी रोज केंद्रात यावं लागायचं, त्याऐवजी आधी दोन आणि नंतर तीन आठवड्यांच्या गोळ्या घरी देऊ लागले. बाहेरचा माल आटल्यावर हजारो नवे रुग्ण या केंद्रांकडे वळले.

म्हणजे बघा, माल तुटला तेव्हा काही माणसं उपचाराकडे आली. पण आली कारण केंद्राचं दार उघडं होतं आणि तिथे त्यांच्यावर विश्वास टाकला गेला. जिथे नुसतंच सगळं बंद होतं, तिथे सॅनिटायझर होतं.

तेव्हा घरच्यांना माझं एवढंच सांगणं आहे. त्याला खोलीत कोंडू नका. व्यसन एकदम तोडायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोडा. विशेषतः दारू अशी अचानक तुटली तर जिवावर बेतू शकतं. आणि काही दिवस सुटून पुन्हा सुरू झालं, तर तो सगळ्यात धोक्याचा काळ समजा. तेव्हा रागावून निघून जाऊ नका, जवळ थांबा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तो लिहून घ्या. आणि आता तुमचे प्रश्न विचारा.