बंद घरांतले उंदीर

भाद्रपदांत मुंबईचा चाकरमानी मालवणकडील आपल्या घराचें कुलूप काढतो, तेव्हां आपल्याआधीं येथें दुसरेंच कुटुंब नांदत होतें हें त्याच्या ध्यानांत येतें. गादीचा कापूस बाहेर आलेला असतो, माळ्यावरच्या नारळांना भोंकें पडलेलीं असतात आणि फडताळांत लेंड्या पसरलेल्या असतात. दोन दिवसांनीं त्याच घरांत गणपतीची मूर्ति येते व तिच्या पायाशीं मातीचा उंदीर बसतो. त्याच्यापुढें जोडलेले हात आदल्या रात्रीं विषाच्या वड्या पेरून आलेले असतात. या मंडळींना दांभिक म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांना दुसरा मार्ग कोणीं दाखविलेला नसतो, इतकेंच.

उंदरांशीं सलोखा करून राहावें, असा मात्र याचा अर्थ नव्हे. १८९६ सालच्या मुंबईंतील प्लेगनें उंदरांचें भय घरोघर पोंचविलें; आज कोंकणांत त्याहून जवळचें भय लेप्टोस्पायरोसिसचें आहे. हा ज्वर मुख्यतः उंदरांच्या मूत्रांतून पसरतो. त्याचे जंतु ओल्या मातींत व सांचलेल्या पाण्यांत जगतात आणि पायाच्या भेगेंतून शरीरांत शिरतात. सिंधुदुर्गांत पावसाळ्यांत त्याचे रुग्ण आढळतात. म्हणून घर उघडल्यावर लेंड्या कोरड्या झाडूनें उडवूं नयेत. जंतुनाशक घातलेल्या पाण्यानें भिजवाव्या आणि हातांत रबरी मोजे घालून पुसून काढाव्या. उंदीर घराबाहेर गेलाच पाहिजे. प्रश्न आहे तो कसा, एवढाच.

बाजारांत मिळणारा गोंदाचा पुठ्ठा हा सर्वांत निर्दय उपाय होय. त्यावर चिकटलेला जीव सुटण्यासाठीं कातडी फाटेपर्यंत धडपडतो आणि तहानेनें, थकव्यानें तासन् तास मरत राहतो. भारतीय पशुकल्याण मंडळानें २०११ व २०२० सालीं राज्यांना अशा पुठ्ठ्यांवर बंदी घालण्याविषयीं लिहिलें, तें उगीच नव्हे. विषाची गत फारशी निराळी नाहीं. रक्त गोठूं न देणाऱ्या विषानें उंदीर कांहीं दिवसांनीं मरतो, तोही बहुधा माळ्यावरच्या अडचणींत, जेथें आरतीच्या वेळीं त्याचा वास दरवळतो. शिवाय असा उंदीर खाणाऱ्या मांजरालाही तें विष बाधतें, आणि उंदरांवरच जगणाऱ्या गव्हाणी घुबडालाही. पिंजरा बरा, परंतु भरलेला पिंजरा बादलींत बुडविण्याची चाल प्रचारांत आहे, तींत दया कोठें आहे? पिंजरा सकाळ-संध्याकाळ पाहावा आणि उंदीर जवळपासच सोडावा, अर्थात् शेजाऱ्याच्या परसांत नव्हे. दूरच्या अनोळखी रानांत नेलेला उंदीर अन्न व आसरा न मिळाल्यानें बहुधा मरतो. घरचीं भोंकें न बुजवितां जवळ सोडला, तर तो परत येतो. मारण्यावांचून गत्यंतरच नसेल त्यानें जोरदार कमानीचा चाप लावावा. तो नीट बसला तर प्राण क्षणांत जातो.

तथापि घरांत अन्न व बीळ आहे तोंवर हे सारे श्रम वायां जातात. लहान घरउंदराची मादी सुमारें तीन आठवड्यांत वितें, एका वेळीं पांच-सहा पिलें होतात आणि तींही दोन महिन्यांच्या आंत विण्याजोगीं होतात. दहा मारले तर रिकामी जागा भरून निघण्यास वेळ लागत नाहीं.

यावरचा उपाय कोंकणांतल्या बागाइतदाराला पूर्वींपासून ठाऊक आहे. तो माडावर चढून उंदीर मारीत बसत नाहीं. खोडाला पुरुषभर उंचीवर पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळतो. गुळगुळीत पत्र्यावर नखें रुतत नाहींत आणि उंदीर खालींच राहतो. शेजारच्या झाडाची झावळी त्या माडाला लागलेली नसावी, एवढें पथ्य. घरालाही हाच न्याय लावावा. छपरावर टेकलेल्या फांद्या चांगल्या दूरपर्यंत तोडाव्या. शिसपेन्सिल जाईल एवढी फट लहान उंदराला पुरते. ती चिंधीनें बुजविणें म्हणजे त्याला बिछाना पुरविणें. उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढतात, तेव्हां कुरतडणें त्याला भागच असतें. लोखंडी तारेचा बोळा कोंबून वर सिमेंट लिंपावें, मोरीच्या भोंकाला जाळी बसवावी, दाराच्या तळाशीं पत्र्याची पट्टी ठोकावी. मंगळुरी कौलांचें छप्पर मात्र पूर्णपणें बंद होत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. म्हणून तांदूळ व सुकट घट्ट झांकणाच्या डब्यांत, नारळ जाळीच्या पेटींत आणि गाद्या दांडीवर टांगून ठेवाव्या.

बुजविण्यापूर्वीं रात्रीं भोंकापुढें पीठ भुरभुरावें. सकाळीं पावलें उमटलेलीं दिसलीं तर आंत वस्ती आहे असें समजावें. आंत आंधळीं, उघडीं पिलें असतील तर आईला कोंडूं किंवा धरूं नये. तीन-चार आठवडे थांबून मग काम करावें. विसर्जनानंतर मुंबईस परतणाऱ्याला हें जमण्यासारखें नसतें, तेव्हां किल्ली ज्या शेजाऱ्याकडे राहते त्यालाच हें काम समजावून सांगावें. त्याच वेळीं त्याला चिचुंद्रीचीही ओळख करून द्यावी. लांबट सोंड, उग्र वास आणि भिंतीच्या कडेनें चिंचिं करीत धांवणें, ही तिची खूण. ती उंदीर नव्हे. झुरळें व किडे खाऊन राहते. उंदीर समजून तिच्यावर काठी उगारली जाते, ती उगारूं नये.