शेरीफ, पोलीस पाटील आणि आपलें मत

अमेरिकेंत बहुतेक राज्यांत कौंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, शेरीफ लोक मतें देऊन निवडतात. बंदोबस्त, तुरुंग व न्यायालयाच्या हुकुमांची बजावणी हीं त्याचीं कामें. मुदत बहुधा ४ वर्षांची. हें वाचून मिठबावांतील एका तरुणानें आम्हांस विचारलें, "गुरुजी, मग आपला पोलीस पाटील आपण कां निवडीत नाहीं?"

प्रश्न मार्मिक आहे. आपल्याकडे १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमान्वयें पोलीस पाटील सरकार नेमतें. मुंबईचें शेरीफपदही नेमणुकीचेंच, आणि केवळ मानाचें. निवडून येणाऱ्यास मतदारांची भीड पडते. नेमलेल्यास लोकांची पर्वा न वाटण्याचा संभव असतो. निर्दोष अशी कोणतीच रीत नाहीं.

मात्र सरपंच आपल्या हातीं आहे. त्याची थेट निवड २०१७ सालीं आली, २०२० सालीं गेली व २०२२ सालीं पुन्हां आली. तेव्हां ज्याला आपण निवडतों त्याची तरी नीट पारख करावी.

येथें आमचाच दोष सांगितला पाहिजे. एका निवडणुकीच्या आदल्या रात्रीं आम्हीं घरांतील सर्वांस मत कोणास द्यावें तें सांगितलें. सूनबाई नम्रपणें म्हणाल्या, "मामंजी, मतदान गुप्त असतें ना?" आम्हीं निरुत्तर झालों.

घराची चूल एक असावी. मतें मात्र ज्याचीं त्याचीं असावींत. वडील माणसांनीं माहिती द्यावी, आज्ञा देऊं नये.